पेसमेकर, खोलीभाडे आणि साठ हजार रुपये : आमच्या आरोग्यविम्याचा अनुभव

पाच लाखांच्या या कौटुंबिक पॉलिसीचा विमाहप्ता आम्ही काही वर्षे मुकाट्याने भरत आलो. तिची खरी पारख मात्र ऐन गणेश चवथीच्या तोंडावर आईला पेसमेकर बसवावा लागला तेव्हा झाली. कॅशलेसची मंजुरी तासाभरात आली, त्याबद्दल तक्रार नाही. मला लिहायचे आहे ते खोलीभाड्याच्या मर्यादेविषयी.

या योजनेत विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये, एवढेच खोलीभाडे मान्य आहे. मडगावच्या ज्या खासगी रुग्णालयात आम्ही गेलो तेथे त्या दराची खोली रिकामी नसल्याने ८,००० रुपयांची घ्यावी लागली. वरचे तीन हजार खिशातून जाणार, हे गृहीतच होते. प्रत्यक्षात कंपनीने तेच प्रमाण, म्हणजे दर आठ रुपयांमागे तीन रुपयांची कपात, संपूर्ण बिलाला लावले आणि १,६०,००० रुपयांच्या पेसमेकरमधूनच ६०,००० रुपये कापले. पेसमेकरची किंमत रुग्ण कोणत्या खोलीत झोपतो यावर कशी काय ठरते? फायलीत त्याच्या खोक्यावरचा अनुक्रमांकाचा स्टिकर आणि वितरकाचे बिल दोन्ही जोडलेले होते; किंमत त्यावर स्वच्छ छापलेली होती.

विमा नियामक प्राधिकरणाने २०२० सालीच स्पष्ट केले आहे की औषधे, वापरून टाकायच्या वस्तू, तपासण्या आणि इम्प्लांट (पेसमेकरसारखी शरीरात बसवायची उपकरणे) यांच्या खर्चाला ही प्रमाणशीर कपात लागू होत नाही. आमच्या पॉलिसीतही व्याख्यांच्या बारीक अक्षरांत हेच छापले आहे, म्हणजे कंपनीने स्वतःचाच कागद वाचला नव्हता.

येथवर मजकूर लिहून मी योजनेला पाचपैकी एक तारा देऊन मोकळा होणार होतो. तथापि कंपनीच्या तक्रार कक्षाने टोलवाटोलवी केल्यावर विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ या तक्रार पोर्टलवर त्या कलमासह तक्रार नोंदवली आणि दिवाळीपूर्वी सगळे साठ हजार खात्यात जमा झाले. दिलगिरीचा शब्द नाही, पण पैसे आले; माझ्या लेखी तेच महत्त्वाचे.

वडिलांच्या प्रोस्टेटवर लेसर शस्त्रक्रिया करण्याचे घाटत असल्याने आता उपमर्यादाही, म्हणजे ठरावीक उपचारांसाठी घातलेल्या वेगळ्या मर्यादा, वाचून काढल्या. २०१९ च्या नियमांमुळे असे आधुनिक उपचार कंपनीला सरसकट वगळता येत नाहीत, परंतु त्यांवर मर्यादा घालता येते, आणि आमच्या योजनेत ती विमा रकमेच्या निम्मी आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि आमच्यासारख्या कौटुंबिक आरोग्यविम्यावरील १८ टक्के जीएसटी गेला. नूतनीकरणात वाचलेले ते पैसे जादा हप्ता भरून खोलीभाड्याची अट काढून टाकण्यात घातले. पेसमेकरची बॅटरी संपली की यंत्रच बदलावे लागते, त्यामुळे पॉलिसी सोडण्याचा प्रश्नच नाही. अट काढलेल्या योजनेला तीन तारे. ती अट ठेवून घेणार असाल, तर माझ्याकडून एकच.