गरम पाण्याची रबरी पिशवी: थंडीत अंथरुणापुरती चोख

मेडिकलमध्ये कंबर शेकायला म्हणून मिळते तीच ही दोन लिटरची पिशवी. निफाडकडच्या डिसेंबर-जानेवारीत रात्र काढायला हिच्याइतकं स्वस्त दुसरं काही नाही. दीड लिटर पाणी २० अंशांवरून ७५ अंशांपर्यंत केटलीत तापवायला जेमतेम ०.१ युनिट वीज लागते. ८०० वॉटचा क्वार्ट्झ हीटर तासाला ०.८ युनिट खातो, २००० वॉटचा ब्लोअर सलग चालला तर २. शिवाय आपल्या घरांत खिडकीच्या फटींतून आणि दाराखालून तापलेली हवा निघूनच जाते. खोली तापवण्यापेक्षा अंथरूण तापवलेलं परवडतं.

घेताना दुकानातच बूच काढून वायसर बघा. वायसर मऊ हवा, नीट बसलेला हवा. पिशवी दुमडून ताणली की बारीक चिरा दिसत असतील तर तो जुना माल. काही पिशव्यांच्या गळ्याशी, ती कधी बनली ते सांगणारा फुलाचा शिक्का असतो: मधला आकडा वर्षाचा, बारा पाकळ्या महिन्यांच्या. रबर वापराविनाही जुनं होतं, म्हणून दोनेक वर्षांनी पिशवी बदललेली बरी.

भरण्यातच बहुतेकांचं चुकतं. उकळतं पाणी ओतू नका. रबर लवकर कडक होतं आणि हातावर उडालं तर भाजतं. उकळी आल्यावर पाच-दहा मिनिटं थांबा. पिशवी दोन-तृतीयांशच भरा. मग ती ओट्यावर आडवी ठेवून गळा वर धरा आणि पाणी तोंडाशी येईपर्यंत हलकेच दाबून हवा काढा. आत हवा राहिली तर पिशवी फुगते, सांध्यावर ताण येतो आणि अंगाला टेकतही नाही. बूच लावल्यावर मोरीत उलटी धरून दाबून बघा. थेंब आला तर बूच आणखी पिळू नका, वायसर बदला.

झोपण्याआधी वीस मिनिटं गोधडीत पायथ्याशी ठेवा. वर टॉवेल किंवा जुनी लोकरी टोपी हवीच. उघडी पिशवी भाजते आणि निवतेही लवकर. गुंडाळलेली चार-पाच तास ऊब देते. जमिनीवर गादी असेल तर खाली सतरंजी घाला, नाहीतर फरशी सगळी ऊब ओढून घेते. तान्ह्या बाळाच्या अंथरुणातून आणि मधुमेहामुळे ज्यांचे पाय बधिर झालेत त्यांच्या पायथ्यावरून ती झोपताना काढाच. भाजल्याचं कळत नाही, हाच धोका. कुशीखाली तर कुणीच घेऊ नये.

आपल्याकडचा खास शत्रू म्हणजे तेल. पायाला खोबरेल किंवा बाम चोळून त्यावर पिशवी ठेवली की रबर फुगून चिकट होतं. आधी मोजे घाला.

थर्मासची बाटली मोज्यात घालायचा उपाय काही जण सांगतात. तो निरुपयोगी आहे, ती उष्णता बाहेर सोडतच नाही.

थंडी सरली की बूच काढून पिशवी उलटी टांगून सुकवा आणि आत चिमूटभर टाल्कम पावडर टाका, म्हणजे भिंती एकमेकींना चिकटणार नाहीत. टाकाऊ झालेली कापून ठेवा, लोणच्याच्या बरणीचं घट्ट झाकण तिच्या तुकड्याने झटक्यात उघडतं.