दुरुस्त केलेली जुनी लाकडी मोटरयॉट: आमच्या फसवणुकीचा तपशील

आम्ही पतिपत्नी अनेक वर्षांपासून इंग्लंडमध्ये राहतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या काळातील, संपूर्ण दुरुस्त केलेली लाकडी मोटरयॉट म्हणून जी बोट आम्हाला ४६,००० पौंडांना विकण्यात आली, ती युद्धपूर्व काळातली नव्हती, तिच्या केवळ दर्शनी भागाची दुरुस्ती झाली होती आणि विकणारा तिचा एकटा मालकही नव्हता. येथे स्थायिक झालेल्या मराठी मंडळींपैकी काहीजण निवृत्तीनंतर नदीवर किंवा खाडीत एखादी बोट बाळगण्याचा विचार करतात, हे मला ठाऊक आहे. त्यांच्यावर हा प्रसंग येऊ नये म्हणून सारा व्यवहार तपशिलाने लिहीत आहे. प्रकरण वकिलांकडे असल्यामुळे विक्रेत्याचे आणि बोटीचे नाव मी देत नाही.

जाहिरातीतील वर्णन असे होते: बांधणी १९३६ ची, लांबी ४२ फूट, दोन डिझेल इंजिने, ओकच्या फासळ्यांवर तांब्याच्या खिळ्यांनी जडवलेल्या पिच पाइनच्या फळ्या, सागवानी केबिन आणि डंकर्कच्या मोहिमेतील सहभाग. जाणकार खरेदीदाराला थांबायला लावतील असेच हे शब्द आहेत. १९४० मध्ये २६ मे ते ४ जून या काळात फ्रान्समधील डंकर्कच्या किनाऱ्यावरून ३,३८,२२६ सैनिक सोडवून आणले गेले. त्या मोहिमेत मासेमारी नौका आणि खासगी मोटरबोटीही होत्या, आणि उथळ किनाऱ्यावरून सैनिकांना खोल पाण्यातील जहाजांपर्यंत पोहोचवण्याचे मोठे काम त्यांनी केले. त्यांतील ज्या बोटी आज शिल्लक आहेत त्यांच्याविषयी येथील लोकांना मनापासून आदर आहे. अशा बोटीला किंमतही जास्त येते, आणि म्हणूनच हा दावा खोटेपणाने केला जातो.

डंकर्कला गेलेल्या छोट्या बोटींच्या मालकांची एक संघटना आहे. पुरावा तपासल्याशिवाय ती कोणत्याही बोटीला मान्यता देत नाही, आणि सेंट जॉर्जच्या, म्हणजे पांढऱ्यावरील लाल क्रुसावर डंकर्क शहराचे मानचिन्ह असलेला तिचा ध्वज केवळ सदस्य बोटींनाच लावता येतो. आमच्या विक्रेत्याने ध्वज लावला नव्हता. सुकाणूच्या खोलीत त्याने ‘डंकर्क १९४०’ असे कोरलेली पितळी पाटी बसवली होती, तिच्याखाली किनाऱ्यावरच्या रांगांचे एक जुने छायाचित्र काचेत लावले होते, आणि जुन्या मालकाचे कागद बॉम्बवर्षावात जळाल्यामुळे संघटनेकडचा अर्ज रेंगाळला आहे, असे तो सांगत असे. पितळी पाटी कोणताही कारागीर तासाभरात कोरून देतो. त्या संघटनेला बोटीचे नाव कळवून विचारणा करणे हाच या दाव्याची शहानिशा करण्याचा खरा मार्ग आहे.

समोरच्या माणसाला काय ऐकायला आवडेल हे ओळखून बोलण्यात हा गृहस्थ तरबेज होता. माझ्या पत्नीचे माहेर रेवदंड्याचे आहे हे कळल्यावर त्याने मुंबईच्या गोदीचा विषय काढला. जहाजबांधणी करणाऱ्या वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली १८१७ मध्ये मुंबईत बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगते आहे, हे त्याने सांगितले, आणि ते खरेच आहे. त्या खऱ्या माहितीला जोडूनच आपल्या बोटीची केबिनही तशाच हिंदुस्थानी सागाची आहे, हे खोटे त्याने पुढे केले. ते लाकूड आफ्रिकेतले इरोको आहे, हे पुढे तपासणीत निघाले. इरोको टिकाऊ लाकूड आहे, त्यात कमीपणा काही नाही. परंतु सागाच्या नावाने आणि सागाच्या भावाने ते विकणे ही फसवणूक आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. बोट पूर्व इंग्लंडच्या एका खाडीत चिखलावर नांगरलेली होती. ती पाहण्याच्या वेळा विक्रेता ठरवीत असे, आणि प्रत्येक वेळ सुकतीची असे, म्हणजे बोट चिखलात बसलेली आणि तिच्याभोवती पाणी नाही. अशा वेळी फळ्यांमधून आत पाणी झिरपत असले तरी ते दिसण्याचा प्रश्नच येत नाही. पाण्यातली चाचणी त्याने भरतीच्या वेळी घेतली, ती थोडक्यात आटोपली, आणि त्या सर्व काळात दोन्ही इंजिने चालू ठेवली. इंजिनांच्या आवाजात तळाचा स्वयंचलित पंप वारंवार चालू होत होता, हे कोणाच्या कानावर येणे शक्य नव्हते. तळाशी जेथे पाणी साचते त्या बिल्जला नवा करडा रंग दिलेला होता, आणि त्याचा वास केबिनपर्यंत येत होता. एखाद्या लाकडी बोटीच्या बिल्जमध्ये नुकताच रंग दिलेला आढळला, तर त्याच्याखाली पाण्याच्या रेषा, गंजाचे ओघळ आणि कुजलेला भाग झाकला गेला असण्याची शक्यता धरूनच पुढची तपासणी करावी.

लाकडी बोटीविषयी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. खारे पाणी तिला फारसे कुजवत नाही. तिला कुजवते ते पावसाचे गोडे पाणी. डेकच्या सांध्यांतून ते आत उतरते, फासळ्यांच्या माथ्यावर आणि फळ्यांच्या टोकांशी मुरते, आणि वारा लागत नाही अशा कोपऱ्यांत बुरशी धरते. बाहेरून व्हार्निश चकाकत असते आणि आतल्या अस्तराच्या फळ्यांमागे लाकडाचा भुगा होत असतो. दुसरा रोग लोखंडाचा. ओकच्या लाकडात टॅनिक आम्ल असते, ते लोखंड खाते, आणि त्यामुळे बोटीच्या पठाणाला, म्हणजे तळाच्या कण्यासारख्या मुख्य लाकडाला, धरून ठेवणारे जाड बोल्ट मध्येच झिजून सुतळीइतके बारीक होतात, जरी त्यांची वरची डोकी धडधाकट दिसत असली तरी. म्हणून त्यांतले काही बोल्ट प्रत्यक्ष उपसून पाहावे लागतात किंवा त्यांचे क्ष-किरण चित्र घ्यावे लागते.

यासाठीच खरेदीपूर्वी स्वतंत्र सर्व्हे, म्हणजे जाणकाराकडून बोटीची तपासणी, करण्याची पद्धत आहे. आम्ही तशी अट घातली, तेव्हा विक्रेत्याने लगेच होकार दिला आणि लाकडी बोटींचा खास जाणकार म्हणून एका सर्व्हेअरचे नाव स्वतःच सुचवले. या माणसाच्या पत्राच्या मथळ्यावर सर्व्हेअरांच्या एका मान्यवर व्यावसायिक संस्थेचे सदस्यत्व छापलेले होते. तो त्या संस्थेचा सदस्य नव्हता, आणि विक्रेत्याच्या इतर व्यवहारांतही त्याचेच अहवाल वापरले गेले होते, हे नंतर समोर आले. बोट क्रेनने बाहेर काढण्यास जवळचे सर्व यार्ड भरलेले आहेत, असे आम्हाला सांगण्यात आले, आणि तपासणी चिखलावरच झाली. बोट एका कुशीवर कललेली असताना तिची दुसरीच बाजू दिसत होती. अहवाल बराच मोठा, रंगीत छायाचित्रांसह होता. मात्र एकही खिळा किंवा बोल्ट उपसलेला नाही आणि अस्तरामागील भाग पाहिलेला नाही, हे त्यात शेवटच्या परिशिष्टात बारीक अक्षरांत लिहिले होते. आम्ही फी भरली असली तरी अहवाल विक्रेत्याच्या नावे काढलेला होता, आणि या एका गोष्टीमुळे सर्व्हेअरवर दावा लावण्याची आमची बाजू आज कमकुवत ठरते आहे.

येथील रूढ करारात किमतीच्या दहा टक्के इसार देतात, तो ब्रोकरच्या वेगळ्या ग्राहक खात्यात राहतो, आणि सर्व्हेत मोठा दोष निघाला तर व्यवहार मोडून इसार परत घेता येतो. विक्रेत्याने मात्र ब्रोकरचे कमिशन वाचवण्याचे निमित्त करून एका पानाचा स्वतःचा करार पुढे केला. त्यात ‘जशी आहे तशी’ हे शब्द होते, आणि पैसे ज्या खात्यात गेले ते त्याच्या नावाचे नसून एका कंपनीचे होते.

बोट ताब्यात आल्यावर विमा कंपनीने पाण्याबाहेर केलेल्या तपासणीचा अहवाल मागितला. आम्ही दुसऱ्या बंदरातील यार्डात ती क्रेनने उचलवली आणि यावेळी व्यावसायिक संस्थेकडून खात्री करून घेतलेला सर्व्हेअर बोलावला. बोट पट्ट्यांवर लटकत असतानाच पठाणालगतच्या फळीच्या सांध्यातून पाण्याची धार लागली आणि बराच वेळ थांबली नाही. त्याने लहान हातोडीने फळ्या वाजवायला सुरुवात केली. चांगले लाकूड खणखणीत बोलते. मागच्या भागाकडे जाऊ लागला तसा आवाज बद्द होत गेला. रंग खरवडल्यावर खाली लाकूड नव्हतेच, इपॉक्सी या घट्ट होणाऱ्या रसायनाचा लेप भरून, तो घासून, फळीचा आकार तयार केलेला होता. टोच्या घातला तर तो मुठीपर्यंत आत गेला. आतल्या बाजूला, जेथे फासळ्या तळाकडे वळतात, तेथे त्या ओळीने तडकलेल्या होत्या, आणि त्यांच्यावर नव्या पट्ट्या केवळ चिकटवलेल्या होत्या.

फासळ्यांचे माथे पाहण्यासाठी त्याने इंजिनाच्या खोलीपुढील भिंतीवरचे महोगनीचे नवे पॅनेल उतरवले. त्यामागे मुख्य तुळई होती, आणि तिच्यात, रंगाचे अनेक थर चढूनही वाचता येतील इतके खोल, अंक कोरलेले होते. ब्रिटिश जहाजांच्या नोंदवहीच्या पहिल्या भागात नोंदलेल्या बोटीचा अधिकृत क्रमांक आणि टनभार असा मुख्य तुळईत कायमचा कोरावा लागतो. मालक बदलले, नाव बदलले तरी हा क्रमांक बदलत नाही. तो दिसू नये म्हणूनच तेवढ्या भिंतीला नवे पॅनेल लावले होते, याविषयी माझ्या मनात शंका उरलेली नाही.

त्या क्रमांकावरून आम्ही कार्डिफ येथील जहाज नोंदणी कार्यालयातून नोंदीचा उतारा मागवला. त्यासाठी लागणारे शुल्क अगदी किरकोळ आहे. उताऱ्यात बोटीचे नाव निराळे होते आणि बांधणीचे वर्ष १९४७ होते. डंकर्कला जाऊन आलेली म्हणून विकलेली बोट त्या मोहिमेच्या वेळी अस्तित्वातच नव्हती. येथील कायद्यात नोंदणीकृत जहाजाची मालकी ६४ हिश्श्यांत विभागलेली असते. त्यांपैकी ३२ हिस्से विक्रेत्याच्या नावावर होते, उरलेले ३२ त्याच्या जुन्या भागीदाराच्या नावावर होते, आणि बोटीवरचे एक गहाण अद्याप फेडलेले नव्हते. जमिनीच्या सातबाऱ्यावर बोजा दिसावा तसा तो या उताऱ्यात स्पष्ट दिसत होता.

विक्रीच्या वेळी त्याने आम्हाला नोंदणीचा जो कागद दाखवला होता तो नोंदवहीच्या तिसऱ्या भागातील, म्हणजे लहान बोटींच्या नोंदीचा होता. या भागात अर्जदाराने स्वतःच्या मालकीचे केवळ निवेदन द्यायचे असते; मागच्या मालकांची साखळी तपासली जात नाही आणि गहाणाची नोंदही होत नाही. त्यामुळे सरकारी शिक्क्याचा असूनही तो कागद मालकीचा पुरावा ठरत नाही. पहिल्या भागातील नोंद लपवून, नवे नाव देऊन, तिसऱ्या भागात नोंद केली की नवीच बोट जन्माला आल्यासारखे भासवता येते. माझ्या मते या संपूर्ण कारस्थानातला सर्वांत धोकादायक भाग हाच आहे, कारण कुजलेल्या फळ्या पैसे खर्चून बदलता येतात, पण दुसऱ्याच्या मालकीचा अर्धा भाग आपला करता येत नाही.

पैसे परत मिळवण्याविषयी थोडे सांगतो. येथील बँकांवर ७ ऑक्टोबर २०२४ पासून फसवणुकीने पाठवून घेतलेल्या पैशांची ठराविक मर्यादेपर्यंत भरपाई करण्याचे बंधन आहे, परंतु वस्तू ताब्यात मिळाली असल्याने हा दिवाणी वाद आहे, असे म्हणून आमच्या बँकेने अर्ज नाकारला. पोलिसांनी तक्रार नोंदवून घेतली आणि तेच उत्तर दिले. रक्कम १०,००० पौंडांच्या वर असल्यामुळे लहान दाव्यांची स्वस्त पद्धतही उपलब्ध नाही. वकिलांचा भर आता खोट्या माहितीने करार घडवून आणण्यासंबंधीच्या १९६७ च्या कायद्यावर आणि विकणाऱ्याला विकण्याचा अधिकार असलाच पाहिजे या १९७९ च्या मालविक्री कायद्यातील तरतुदीवर आहे. या दोन्ही गोष्टी ‘जशी आहे तशी’ असे लिहून टाळता येत नाहीत, असे त्यांनी सांगितले. शिवाय हा माणूस खासगी मालक म्हणून वावरत असला तरी बोटी घेणे, रंगवणे आणि विकणे हा त्याचा धंदाच आहे, हे सिद्ध झाले तर ग्राहक हक्कांचा २०१५ चा कायदाही लागू होईल. जुन्या भागीदाराशी आमची भेट झाली. आपला हिस्सा विकला जात आहे याची त्याला कल्पना नव्हती. तो आमच्या बाजूने निवेदन देण्यास तयार आहे.

सध्या बोट यार्डात आधारांवर उभी असून तिचे भाडे आम्ही भरत आहोत. असे असताना तिचीच जुनी छायाचित्रे वापरून, नवे नाव आणि १९३८ हे वर्ष देऊन, पुन्हा एक जाहिरात आली आणि त्यात पाहणीपूर्वीच इसार मागितला होता. ती आम्ही पोलिसांना कळवली आणि ती काढली गेली, पण ती पुन्हा येईल असे मला वाटते. सुकाणूच्या खोलीत पितळी पाटी, तिच्याखाली काचेतले किनाऱ्याचे छायाचित्र, आणि इंजिनाच्या खोलीपुढे आजूबाजूच्या लाकडाहून ताज्या रंगाचे महोगनीचे पॅनेल अशी चित्रे कोणाला दिसल्यास एक पैसाही देण्याआधी तुळईवरचा क्रमांक मागावा, त्यावरून कार्डिफहून उतारा मागवावा, आणि विक्रेत्याने पॅनेल उतरवण्यास नकार दिला तर जाहिरातीची प्रत जपून ठेवून पोलिसांकडे द्यावी. आमच्या खटल्यातही ती पुरावा म्हणून उपयोगी पडेल.