‘सेटल’चा शेरा काढून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

खाणबंदीत ज्यांचे ट्रक अंगणात उभे राहिले, त्यांच्यासाठी मी हे मुद्दाम लिहीत आहे, कारण क्रेडिट अहवालातला ‘सेटल्ड’ हा शेरा काढून देतो म्हणून मला फसवणारा ‘सल्लागार’ माझ्या माहितीप्रमाणे गोव्यातील डिचोली, सत्तरी आणि फोंडा भागांत नेमकी आमच्यासारखीच माणसे हेरतो. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी बंद झाल्या आणि खनिज वाहतुकीसाठी घेतलेल्या टिप्परचे हप्ते थकले. 2019 मध्ये बँकेशी एकरकमी तडजोड करून मी ठरलेली रक्कम पूर्ण भरली. तरीही गेल्या वर्षी मालवाहू गाडीसाठी अर्ज केला तेव्हा तो फेटाळला गेला. कर्जफेडीचा इतिहास दाखवणाऱ्या क्रेडिट अहवालात त्या खात्यापुढे ‘क्लोज्ड’ नव्हे, तर ‘सेटल्ड’ असे लिहिलेले होते. तडजोडीत बँकेने सोडलेली रक्कम अहवालात दिसत राहते आणि पुढचा कर्जदाता तिच्यावरच बोट ठेवतो, हे तडजोडीच्या वेळी मला कोणीही सांगितले नव्हते.

या ‘सल्लागारा’ने नोंदणीचे म्हणून आधी 14,500 रुपये घेतले. सोडलेली रक्कम बँकेत भरून ना-हरकत दाखला आणून देतो, असे सांगून नंतर 86,300 रुपये घेतले. हा आकडा त्याने बिनचूक सांगितला, म्हणून माझा विश्वास बसला. प्रत्यक्षात माझ्याच फोनवर आलेला ओटीपी वापरून त्याने अहवाल उघडला होता आणि आकडा त्यातच छापलेला होता. पैसे एका व्यक्तीच्या खात्यावर गेले, हे खरे आहे. पण ज्याच्या दारात बँकेचेच वसुलीवाले वर्षानुवर्षे येऊन रोख रक्कम घेत आणि पावती फाडून देत, त्याला मध्यस्थाच्या हाती पैसे देण्यात वावगे ते काय वाटणार?

त्याने आणून दिलेला दाखला पणजी शाखेचा होता. शिक्का, सही, खाते क्रमांक, सगळे जागच्या जागी होते आणि तारीख होती 19 डिसेंबर 2024. गोवा मुक्तिदिन! त्या दिवशी गोव्यातील बँका बंद असतात, हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. तो कागद हातात धरून मी तारीख मोठ्याने वाचली, त्याची छायाप्रत काढली, आणि त्याच बैठकीत ‘नोंद अद्ययावत करण्याचे’ आणखी 5,900 रुपये दिले. एकूण 1,06,700 रुपये. ती तारीख आजही झोपू देत नाही.

बँकेने दाखला बनावट असल्याचे तोंडी सांगितले, पण लेखी देण्यास नकार दिला. वर 86,300 रुपये अजून येणे आहेत, ते भरायचे असतील तर भरा, असे सुनावले. पोलीस ठाण्यात ‘पैसे तुम्ही स्वखुशीने दिले, ही दिवाणी बाब आहे’ म्हणून परत पाठवले. बँकेच्या नावाने खोटा दाखला बनवणे ही दिवाणी बाब कशी? भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम 318 आणि बनावट दस्तऐवजाला कलम 336 आहे, हे मी तक्रारदार असून मलाच हवालदाराला दाखवावे लागले आणि तरीही त्याने बँकेचे पत्र आणा म्हटले. बँक म्हणते, पोलिसांनी मागितले तर देऊ. दोन्ही कार्यालये एकमेकांकडे बोट दाखवत असताना तो माणूस मात्र निर्धास्त फिरतो आहे. ठाण्याने गुन्हा नोंदवला नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज करता येतो, हेही मला एका वकिलाकडून कळले, ठाण्यातून नव्हे.

खरी नोंद बाहेरचा कोणीही पुसू शकत नाही. सोडलेली रक्कम भरायची असेल तर शाखेत जाऊन, कर्जखात्याच्या क्रमांकावरच भरा आणि दाखला तिथूनच घ्या. हे अहवाल तयार करणाऱ्या चारही क्रेडिट माहिती कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत देतात, त्यासाठी कोणाला दमडीही देऊ नका. ओटीपी सांगू नका. नोंद चुकीची असेल तर तक्रार मोफत करता येते आणि ती 30 दिवसांत निकाली निघाली नाही, तर दिवसाला 100 रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पत पुन्हा उभी करायची तर मुदत ठेवीवर मिळणारे क्रेडिट कार्ड घेऊन, थोडा खर्च करून, बिल वेळेवर भरत राहणे हा संथ पण खरा मार्ग आहे. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर फोन करा. मला हा क्रमांक फार उशिरा कळला.

त्याचे फोंड्यातील कार्यालय आता बंद आहे, फोन मात्र चालू आहे. अधीक्षकांकडे माझा अर्ज गेला आहे. आणखी कोणाकडे 19 डिसेंबरचा किंवा दुसऱ्या कोणत्याही तारखेचा असा दाखला असेल, तर त्यांनीही आपला अर्ज द्यावा; माझ्या कागदांच्या प्रती मी त्यांना देईन.