दोन देशांत जगणाऱ्या चित्रकारानं काय निवडावं: वुडकट की एचिंग?

एक मैत्रीण अडली आहे: आपल्या दुहेरी ओळखीवर छापचित्रं करायची, तर लाकूड घ्यावं की तांब्याची प्लेट?

वुडकट म्हणजे लाकडावर चित्र कोरून, उरलेल्या उंच भागाला शाई लावून घेतलेली छाप. तिला प्रेस (छपाईचं दाबयंत्र) लागतोच असं नाही. कागदावर चमच्याची पाठ घासूनही छाप उमटते. बिऱ्हाड हललं तरी काम चालू राहतं. एचिंगमध्ये तांब्याच्या प्लेटवरच्या मेणाच्या थरात सुईनं रेषा काढतात आणि ॲसिडनं त्या धातूत कोरतात. त्याला ॲसिड, हवेशीर जागा, जड प्रेस हवा. खर्चही जास्तच.

मातृभाषेची अक्षरं दोन्हींत उलटीच काढायची. पण वेलांटीचं वळण लाकडाच्या शिरांना आडवं गेलं की कपची उडते. एचिंगची सुई मेणाच्या थरावर हस्ताक्षरासारखी फिरते. तरीही अलीगढला जन्मलेल्या छापचित्रकार झरीना यांनी १९९९ मध्ये ३६ वुडकटांत घराच्या आठवणी उर्दू शब्दांसह मांडल्या. त्यांतली ठाम काळी रेषा मला फार भिडते.

सतत जागा बदलत असाल, तर वुडकटच. जुन्या पत्रांतलं अक्षर, पुसट छटा हव्या असतील आणि स्टुडिओ हाताशी असेल, तर एचिंग.