नव्या गाडीचे रंगवलेले दार आणि कंपनीकडे न नोंदलेली वॉरंटी

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गावात मी राहतो. एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत शिकवून निवृत्त झाल्यावर हाती आलेल्या पैशांतून २०२१ च्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आम्ही घरातली पहिली चारचाकी घेतली. त्या एका खरेदीत माझी दोनदा फसवणूक झाली आणि पहिल्या फसवणुकीविरुद्ध दाद मागण्याची मुदत मी समोरच्यावर विश्वास ठेवून घालवून बसलो. मला जे उशिरा कळले ते दुसऱ्या कोणाला तरी वेळेवर कळावे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. प्रकरण अजून ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे शोरूमचे नाव देत नाही.

त्या वर्षी सेमीकंडक्टर चिपांचा जगभर तुटवडा होता आणि नव्या गाड्यांसाठी महिनोन्‌महिने थांबावे लागत होते. आम्हाला हवे असलेले मॉडेल चार महिन्यांनी मिळेल असे ऑगस्टमध्ये सांगण्यात आले आणि दोनच दिवसांनी शोरूममधल्या तरुणाचा फोन आला. "सर, एका ग्राहकाचे बुकिंग रद्द झाले आहे. पांढरी गाडी आहे, गेल्या महिन्यातच कारखान्यातून आली. आज पैसे भरलेत तर चवथीला दारात उभी राहील." चवथ १० सप्टेंबरला होती, मुंबईहून मुलगा आणि सून येणार होती, आणि आम्ही त्याच दुपारी धनादेश दिला. सगळे मिळून ७ लाख ४२ हजार रुपये झाले. गाडी एकदा पाहू द्या, असे मी म्हटले होते. ती यार्डात आहे, तिथे ग्राहकांना नेत नाहीत, असे उत्तर मिळाले आणि मी गप्प बसलो. आज मागे वळून पाहताना वाटते की माझी खरी चूक तिथेच झाली. पैसे पूर्ण भरण्याआधी आणि आपल्या नावावर नोंदणी होण्याआधी गाडी नाकारण्याची मोकळीक ग्राहकाला असते. नोंदणी झाली की ती गाडी कायद्याने आपली होते आणि मग जे काही मागायचे ते मिनतवारीने मागावे लागते.

८ सप्टेंबरला संध्याकाळी सात वाजता डिलिव्हरी मिळाली. बाहेर मुसळधार पाऊस होता. शोरूमच्या प्रखर दिव्यांखाली गाडीला हार घातला होता, नारळ ठेवला होता, पेढ्यांचा पुडा हातात दिला गेला, आमचे छायाचित्र काढले गेले, आणि त्या गडबडीत सात-आठ कागदांवर माझ्या सह्या घेतल्या गेल्या. त्यांतल्या एका कागदावर 'गाडी सर्व बाजूंनी तपासून सुस्थितीत मिळाली' असे छापलेले होते. मी काहीही तपासले नव्हते, पण सही केली. पुढे हाच कागद प्रत्येक वेळी माझ्यासमोर धरण्यात आला.

पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये एके सकाळी मी अंगणात गाडी धूत होतो. डेंटिंग-पेंटिंगचे काम करणारा शेजारचा मुलगा सहज जवळ आला, मागचे डावे दार उघडून त्याने कडेच्या काळ्या रबरावरून नख फिरवले आणि म्हणाला, "सर, हें दार रंगयलां." रबराच्या घडीत पांढऱ्या रंगाचे बारीक ठिपके बसले होते. रबर रंगानंतर चढवले जाते, त्यामुळे कारखान्यातल्या रंगाचे कण त्यावर असू शकत नाहीत, असे त्याने समजावले. मग त्याने बिजागरीचे बोल्ट दाखवले. इतर तीन दारांच्या बोल्टांवर रंगाचा थर सलग होता, तर या दाराच्या बोल्टांच्या कडांवर रंग तडकलेला होता आणि पान्याचे ओरखडे स्पष्ट दिसत होते. शेवटी त्याने काचेच्या कोपऱ्यातली खूण पाहायला सांगितली. त्या खुणेत काच बनवणाऱ्याच्या नावाबरोबर वर्ष आणि महिना सांगणारे अंक व ठिपके असतात. तोवर नोंदणीचे पुस्तक माझ्याकडे आले होते आणि त्यावर गाडीच्या उत्पादनाचा महिना फेब्रुवारी २०२१ असा होता. म्हणजे 'गेल्या महिन्यातच आलेली' हे सांगणे खोटे होते. आणि फेब्रुवारीत बनलेल्या त्या गाडीच्या मागच्या डाव्या दाराची काच, एका काचवाल्याने ती खूण वाचून सांगितल्यानुसार, मे महिन्यातली होती. काच गाडीपेक्षा तीन महिन्यांनी लहान होती. ट्रेलरवर किंवा यार्डात कधीतरी त्या बाजूला मार बसला असावा आणि दुरुस्त करून, रंगवून ती गाडी मला नवी म्हणून दिली गेली, याखेरीज दुसरा अर्थ मला लावता आला नाही. नंतर जुन्या गाड्यांचे मूल्यांकन करणाऱ्या एकाने रंगाची जाडी मोजणारे यंत्र लावले. बाकी पत्र्यावर ११० ते १३० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि त्या दारावर ३०० च्या वर असा आकडा आला. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो.

मी दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. तिथल्या सर्व्हिस ॲडव्हायझरने फार आदराने ऐकून घेतले, दार उघडून पाहिले, छायाचित्रे काढली आणि कंपनीचा माणूस पाहून जाईल असे सांगितले. मी जॉब कार्डवर, म्हणजे गाडीची तक्रार आणि काम नोंदवण्याच्या त्यांच्या कागदावर, सही करून घरी आलो. त्या जॉब कार्डाविषयी थोडे थांबून लिहिले पाहिजे, कारण माझे प्रकरण जिथे लंगडे पडले ती जागा हीच आहे. जॉब कार्डवर ग्राहकाची तक्रार लिहिण्यासाठी रकाना असतो आणि त्यात सर्व्हिस सेंटरचा माणूस आपल्या शब्दांत लिहितो. माझ्या कार्डावर त्या रकान्यात 'जनरल चेक-अप' एवढेच लिहिलेले होते. दाराचा, रंगाचा, काचेचा एका शब्दानेही उल्लेख नव्हता. मी चष्मा लावून तो रकाना वाचला असता आणि 'मागील डावे दार पुन्हा रंगवलेले आढळले, काच वेगळ्या महिन्याची आहे' असे माझ्या शब्दांत लिहायला लावले असते, तर ऑक्टोबर २०२१ मध्ये मी तक्रार केली होती याचा पुरावा त्यांच्याच कागदावर राहिला असता. ते लिहायला नकार देतील तर तिथेच उभे राहून तोच मजकूर ई-मेलने शोरूमला आणि उत्पादक कंपनीला पाठवावा. मी पुढची दोन वर्षे सगळे बोलणे फोनवर आणि समोरासमोर केले.

२०२२ च्या पावसाळ्यानंतर त्या दाराच्या खालच्या कडेला रंग फुगून गंजाचा फोड आला. पत्रा आणि रंग यांवरची वॉरंटी चालू होती, म्हणून मी निर्धास्त होतो. पाहणी झाली आणि उत्तर आले की या दारावरचा रंग कारखान्यातला नाही, बाहेर काम करून घेतल्याचे दिसते, त्यामुळे वॉरंटी लागू होत नाही. ज्या दाराबद्दल मी वर्षभर सांगत होतो, ते दार मीच बाहेर रंगवून घेतले असा आरोप आता माझ्यावर आला, आणि तो खोडून काढायला माझ्याकडे 'जनरल चेक-अप' लिहिलेला कागद होता. गाडी विकणारा तो तरुण एव्हाना नोकरी सोडून गेला होता. वरिष्ठ मात्र गोड बोलत राहिले. "सर, तुम्ही आमच्या घरच्यासारखे. मार्चनंतर काहीतरी करून देतो." मार्च गेला, चवथ गेली, दिवाळी गेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी फोन उचलणे बंद केले.

तेव्हा वकिली करणाऱ्या माझ्या पुतणीला मी सगळे कागद दाखवले आणि तिने पहिला प्रश्न तारखेचा विचारला. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत आयोगाकडे जावे लागते. दाराची गोष्ट मला ऑक्टोबर २०२१ मध्ये कळली होती आणि ऑक्टोबर २०२३ उलटून गेला होता. पुरेसे कारण दाखवले तर आयोग विलंब माफ करू शकतो, पण तो आयोगाच्या विवेकाचा भाग आहे, आपला हक्क नव्हे. तोंडी आश्वासनांनी मुदत थांबत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवल्यानेही ती थांबत नाही. तिथून फक्त समोरच्याकडे पाठपुरावा होतो, निवाडा होत नाही. हे मला कोणीतरी २०२२ मध्ये सांगायला हवे होते.

दुसरी फसवणूक एप्रिल २०२४ मध्ये उघडी पडली. ऐन उन्हाळ्यात एसीचा कॉम्प्रेसर बिघडला. कंपनीची मूळ दोन वर्षांची वॉरंटी संपली होती, पण खरेदीच्या वेळी १४,८०० रुपये भरून चार वर्षांपर्यंतची एक्स्टेंडेड वॉरंटी घेतलेली होती, तिची पावती माझ्या फायलीत होती. सर्व्हिस सेंटरने कॉम्प्रेसरचे ३१ हजार रुपये मागितले तेव्हा मी थेट कंपनीच्या ग्राहक सेवेला चॅसी क्रमांक, म्हणजे गाडीवर कोरलेला तिचा स्वतंत्र क्रमांक, कळवला आणि उत्तर मिळाले की या क्रमांकावर कोणतीही एक्स्टेंडेड वॉरंटी नोंदलेली नाही. पावती पुन्हा काढून पाहिली. वरच्या बाजूला शोरूमचे आणि कंपनीचे चिन्ह ठळक होते, पण खाली, अगदी बारीक अक्षरांत, परराज्यातल्या तिसऱ्याच एका संस्थेचे नाव होते आणि मागच्या पानावर इंजिन व गिअरबॉक्सच्या आतले भाग वगळता इतर काहीही धरलेले नव्हते. कराच्या इनव्हॉइसमध्ये या १४,८०० रुपयांचा उल्लेखच नव्हता. मी कंपनीची वॉरंटी मागितली होती, पैसे घेताना तोंडाने तीच सांगितली गेली होती आणि हातात दुसराच कागद ठेवला गेला होता.

या वेळी मी कागदावरच बोललो. शोरूमला आणि कंपनीला एकाच दिवशी ई-मेल केला, पावतीच्या दोन्ही बाजू जोडल्या आणि लेखी उत्तर मागितले. कंपनीलाही लिहिण्याचा आग्रह पुतणीने धरला, त्यामागे आपल्या गोव्यातूनच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला एक खटला आहे. २०११ मध्ये नवी म्हणून विकलेली गाडी प्रत्यक्षात २००९ ची आणि आधी चालवलेली निघाली होती. खालच्या सगळ्या पायऱ्यांवर ग्राहक जिंकला, पण फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादक कंपनीला त्यातून मोकळे केले, कारण विक्रेता कंपनीचा नोकर किंवा दलाल नसून स्वतंत्र व्यापारी होता आणि त्याने केलेली लबाडी कंपनीला ठाऊक होती असे तक्रारीत मांडून सिद्ध झालेले नव्हते. विक्रेत्यावरची जबाबदारी राहिली. विक्रेत्याचे दुकान उद्या बंद पडले तर ग्राहकाने कोणाकडे पाहायचे, हा प्रश्न मला त्या निकालापासून सतावतो. निदान पहिल्या दिवसापासून कंपनीला लेखी कळवलेले असेल तर पुढे तिला माहीत नव्हते असे म्हणणे अवघड जाते.

ऑगस्ट २०२४ मध्ये मी पर्वरीच्या उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. खरेदीची रक्कम पाच ते दहा लाखांच्या मधली असल्याने शुल्क फक्त २०० रुपये लागले. पाच लाखांपर्यंत तर काहीच शुल्क नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. नव्या कायद्याप्रमाणे आपण जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेता कुठेही असो. नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. आमच्या प्रकरणात पंचेचाळिसाव्या दिवशी उत्तर आले. वॉरंटीच्या बाबतीत शोरूमने पुढे तडजोड केली आणि १४,८०० रुपये व कॉम्प्रेसरचा खर्च परत दिला. दाराच्या बाबतीत त्यांनी मुदतीचा मुद्दा घेतला आहे आणि विलंब माफीच्या माझ्या अर्जावर अजून निर्णय व्हायचा आहे.

हे सगळे चालू असतानाच, २०२४ च्या मे अखेरीस, शाळेतले माझे एक जुने सहकारी घरी आले होते. त्यांनी जून २०२२ मध्ये त्याच शोरूममधून गाडी घेतली होती आणि त्यांच्याकडेही एक्स्टेंडेड वॉरंटीची पावती होती. आम्ही तिथेच बसून त्यांच्या गाडीचा चॅसी क्रमांक कंपनीच्या ग्राहक सेवेला सांगितला. त्यावरही काही नोंदलेले नव्हते. कंपनीची खरी एक्स्टेंडेड वॉरंटी मूळ वॉरंटी चालू असेपर्यंतच घेता येते असे पलीकडून सांगण्यात आले, आणि त्यांची मूळ वॉरंटी संपायला एकोणीस दिवस उरले होते. त्यांनी त्याच आठवड्यात पैसे भरून ती कंपनीकडे स्वतःच्या नावावर नोंदवून घेतली, चॅसी क्रमांक छापलेले प्रमाणपत्र मला आणून दाखवले, आणि शोरूमने दिलेली जुनी पावती प्रतिज्ञापत्रासह माझ्या फायलीत लावण्यासाठी दिली.