गिअरबॉक्स खाली उतरवायच्या आधी हे वाचा

क्लचच्या कामात गिऱ्हाईक जितकं सहज फसतं तितकं गाडीच्या दुसऱ्या कुठल्याच कामात फसत नसेल, असं माझं आता ठाम मत झालं आहे. टायर, बॅटरी, ब्रेक पॅड हे सगळं आपल्या डोळ्यांना दिसतं. क्लच प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हील (इंजिनाबरोबर फिरणारी जड चकती) हे भाग मात्र इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये झाकलेले असतात. गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय ते दिसत नाहीत, आणि तो परत चढवला की आत नवं बसवलं की जुनंच ठेवलं हे बाहेरून कळायला काही मार्ग नाही. आमचे ७०,१०० रुपये असे गेले. इंदूरमध्ये आपल्यापैकी अनेकांकडे आता डिझेल गाड्या आहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

ओंकारेश्वरहून परत येत होतो. निमाडातून वर माळव्यात येताना भेरूघाट लागतो. घाटात ट्रकांच्या रांगेत थांबलो आणि पहिला गिअर पडेना. क्लच पूर्ण दाबला तरी नुसती कुरकुर. पेडल नेहमीपेक्षा मऊ लागत होतं. दोन-तीनदा भराभर दाबलं की गिअर अलगद पडायचा. गाडीची ओढ उत्तम होती, जळका वास अजिबात नव्हता. ही लक्षणं लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यांच्यावरच उभं आहे.

गाडी एबी रोडवरच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दिली. तिथल्या माणसाने एक चक्कर मारून सांगितलं की क्लच सेट गेला आणि सोबत फ्लायव्हीलही गेलं. गिअरबॉक्स उतरवल्यावर फोन करून बोलावलं. टेबलावर एक फ्लायव्हील ठेवलं होतं, कडेने फाटलेलं, आतल्या स्प्रिंगचा तुकडा बाहेर आलेला. "साहब, ये घाट में फटता तो जान पे आ जाती," तो म्हणाला. आई त्या दिवशी मागच्या सीटवर होती. हे ऐकल्यावर कुठला मुलगा पैशांचा विचार करेल? मी त्या तुकड्याचा फोटो काढला आणि काम करा म्हणून सांगितलं.

या भीतीचा धंदा कसा चालतो ते समजून घ्या. बऱ्याच डिझेल गाड्यांमध्ये ड्युअल मास फ्लायव्हील असतं. एकाच्या जागी दोन जड चकत्या आणि त्यांच्या मध्ये कमानीसारख्या वाकलेल्या स्प्रिंगा. इंजिनाचे झटके त्या स्प्रिंगा पचवतात, म्हणून ते गिअरबॉक्सपर्यंत आणि आपल्या सीटपर्यंत पोहोचत नाहीत. साधं एकसंध फ्लायव्हील खराब झालं तर बहुतेक वेळा लेथवर पृष्ठभाग घासून सपाट करून चालतं. ड्युअल मास सहसा अख्खंच बदलावं लागतं आणि ते महाग असतं. म्हणूनच त्याचं नाव घेऊन घाबरवणं सगळ्यांत फायद्याचं. पण ते खरोखर खराब झालं तर आधी सांगतं. इंजिन सुरू किंवा बंद करताना खडखड होते, गाडी जागेवर चालू असताना खालून ठकठक ऐकू येते, उचलताना थरथर जाणवते. आमच्या गाडीत यातलं काहीही नव्हतं.

बिलात फ्लायव्हील ४१,०००, क्लच सेट १५,५००, इंजिनाच्या मागच्या बाजूचं ऑइल सील १,६०० आणि मजुरी १२,०००. फ्लायव्हीलसमोर पार्ट नंबरचा रकाना कोरा. जुनं सामान मागितलं तर उत्तर मिळालं की ते कंपनीला परत जातं.

गाडी घरी आली आणि आठवडाभरातच गिअर पुन्हा कुरकुरायला लागला.

या वेळी इंदूरच्या छावणी भागातल्या एका वयस्कर मिस्त्रीकडे गेलो. त्याने गाडी चालवून पाहण्याआधी बॉनेट उघडलं आणि ब्रेक ऑइलची टाकी पाहिली. आमच्या गाडीत क्लच आणि ब्रेक दोन्हींचं ऑइल एकाच टाकीतून जातं, आणि पातळी उतरलेली होती. मग गाडी लिफ्टवर घेतली. गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेल्या स्लेव्ह सिलेंडरचं रबरी टोपण त्याने बोटाने मागे सरकवलं, तर आतून ऑइल ओघळून त्याच्या मनगटापर्यंत आलं. मला जवळ बोलावून दाखवलं. पेडल दाबलं की त्याला जोडलेल्या मास्टर सिलेंडरमधून ऑइल दाबाने या स्लेव्हपर्यंत येतं, स्लेव्ह क्लचचा फोर्क (दांडा) ढकलतो आणि प्लेट मोकळी होते. इथे गळती असेल तर दाब पुरा पडत नाही, प्लेट अर्धवट मोकळी होते आणि गिअर कुरकुरतो. भराभर पेडल मारल्यावर तेवढ्यापुरता दाब तयार होतो, म्हणून गिअर पडतो. पहिल्या वर्कशॉपने ऑइल भरून नळीतली हवा काढली होती, तेवढ्यावर गाडी काही दिवस चालली. नवा स्लेव्ह, ऑइल आणि मजुरी धरून त्याने ३,२०० रुपये घेतले. त्यासाठी गिअरबॉक्सला हातही लावावा लागला नाही.

पुढे इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडाखाली ऑइलचे थेंब दिसायला लागले. याच मिस्त्रीने माझ्यासमोर गिअरबॉक्स उतरवला. फ्लायव्हीलच्या कडेवर चंदेरी रंग मारलेला होता. त्याने स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने खरवडलं तर खाली तांबूस गंज. प्लेट घासते त्या भागावर जुने गोल वण. मी मोबाइलमधला फोटो काढून शेजारी धरला. टेबलावरच्या त्या फुटक्या फ्लायव्हीलला क्रँकला (इंजिनाच्या मुख्य दांड्याला) जोडायच्या बोल्टची ६ भोकं होती. आमच्याला ८ आहेत. ते कुठल्या तरी दुसऱ्याच गाडीचं होतं. आमचं फ्लायव्हील काढलंच नव्हतं, आणि हाताने फिरवून ढिलेपणा पाहिल्यावर ते अगदी ठणठणीत निघालं. प्रेशर प्लेट जुनी. क्लच प्लेट तेवढी नवी, तीही डुप्लिकेट. ऑइल सील बदललेलंच नव्हतं, गळत होतं ते तेच.

मला पैशांपेक्षा जास्त चीड आईच्या जिवाची भीती दाखवल्याची आली. ती चीड अजून गेलेली नाही.

तुमच्या गाडीचा क्लच खरंच संपला असेल तर इंजिनाचा आवाज आणि आरपीएम वाढतात पण गाडी त्या मानाने पळत नाही, चढावर तर स्पष्ट कळतं, आणि जळका वास येतो. सपाट मोकळ्या जागी हँडब्रेक घट्ट ओढा, वरचा गिअर टाका, थोडं ॲक्सिलरेटर देत क्लच सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच धरतो आहे. हे एकदाच करून पाहा, पुन्हा पुन्हा केलं तर चांगली प्लेटही जळेल. क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर (क्लच दाबल्यावर प्रेशर प्लेटला ढकलणारं बेअरिंग) घ्या. न्यूट्रलमध्ये आवाज येतो आणि क्लच दाबला की थांबतो, असं असेल तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगकडे पाहायला सांगा. पेडल मऊ, खाली बसणारं किंवा पंप केल्यावर सुधारणारं असेल तर आधी मास्टर आणि स्लेव्ह तपासल्याशिवाय गिअरबॉक्स उतरवू देऊ नका. काही गाड्यांत स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आत असतो, तिथे उतरवावाच लागतो, पण तेव्हा समोर उभे राहा. फ्लायव्हील गाडीवर असतानाच फोटो घ्या, बोल्टांसकट. नव्या सामानाचा डबा आपल्यासमोर उघडायला लावा, पार्ट नंबर बिलावर घ्या आणि जुनं सामान गाडीत टाकून घरी आणा. यातलं काही न करता नुसती तोंडी उत्तरं देणाऱ्या वर्कशॉपला मजुरीचा एक रुपयाही आगाऊ देऊ नका.

वर्कशॉपला नोटीस पाठवली तेव्हा त्यांनी फुकट सर्व्हिसिंग देऊ केलं. ते नाकारून आम्ही इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून २ वर्षांची आहे. बिल न देणं हीसुद्धा त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, त्यामुळे "बिल नको असेल तर जीएसटी वाचेल" असं कोणी म्हणालं तर पक्कं बिलच मागा. आधी फोनवर विचारायचं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आम्ही तक्रारीला बिल, दोन्ही फ्लायव्हीलचे फोटो आणि दुसऱ्या मिस्त्रीचं लेखी निवेदन जोडलं आहे.