आलेखावरून रेषेचं समीकरण: कोणती रीत धरावी?

आलेखात रेषा दिलेली, समीकरण काढायचं. नाशिकरोडला माझ्याकडे येणारी अकरावीची मुलं पहिला प्रश्न टाकतात, "सर, सूत्र कुठलं?" मी म्हणतो, आधी रेषा बघ. ती चौकटींच्या कोपऱ्यांतून नेमकी कुठे जाते, त्यावर सूत्र ठरतं.

य-अक्षाला ती स्वच्छ जागी छेदत असेल तर चढाची रीत सगळ्यात झटपट. य = म × क्ष + क. क, म्हणजे क्ष शून्य असताना रेषा य-अक्षाला छेदते तिथला आकडा, थेट वाचायचा. म म्हणजे चढ, वर किती गेलो भागिले उजवीकडे किती सरकलो. पण दोन्ही अक्षांवरचं प्रमाण वेगळं असलं आणि तुम्ही नुसत्या चौकटी मोजल्या, की चढ चुकला.

खरा घोळ पुढे आहे. समजा, टोमॅटोचे क्रेट पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत न्यायच्या टेम्पोभाड्याचा आलेख आहे. आडवं अंतर किलोमीटरमध्ये, उभं भाडं रुपयांत. पण कागद वाचवायला आडवा अक्ष १० पासून सुरू केलाय. डावीकडच्या उभ्या रेघेवर ६५० दिसतात, मुलं तोच क धरतात. झालं!

इथे दोन बिंदूंची रीत तारते. (१०, ६५०) आणि (३०, ११५०) घ्या. चढ ५०० भागिले २०, म्हणजे २५. मग ६५० − २५ × १० = ४००. समीकरण य = २५क्ष + ४००. टेम्पो हलायच्या आधीच ४०० लागू!

बिंदू मात्र लांबलांबचे घ्या. वाचताना १० रुपयांची चूक झाली, तर २ किलोमीटर अंतरावरच्या बिंदूंत चढ ५ ने बिघडतो, २० वर फक्त अर्ध्या रुपयाने.

दोन्ही अक्षांवरचे छेद पूर्णांकी असतील, समजा ४ आणि ३, तर क्ष/४ + य/३ = १, म्हणजेच ३क्ष + ४य = १२. दिसायला देखणं, पण रेषा आरंभबिंदूतून गेली किंवा अक्षाला समांतर असली की निरुपयोगी. उभ्या रेषेला तर चढच नसतो; तिथे सरळ क्ष = ५ असं लिहून मोकळं व्हायचं.

मला एकच निवडायला सांगितलं तर दोन बिंदूंची रीत. वेळ थोडा जास्त लागतो, लागू दे. शेवटी तिसरा बिंदू टाकून बघा: २० किलोमीटरला ९०० यायला हवेत.